सतराव्या पानाचं मराठी

टी. नगर, चेन्नई
१४ नोव्हेंबर २००७

गोदा,

हे पत्र तुझे भाऊ नागोजीराव तुला वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांना नमस्कार. नागोजीराव, तुमची सारी नोकरी मोडी कागद वाचण्यात गेली, तेव्हा माझं अक्षर तुम्हाला जड जाऊ नये. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोललं गेलं, पण गोदाची शाळा तमिळ, त्यामुळे देवनागरी तिला कधी आली नाही. मी तीस वर्षं "शिकवते, शिकवते" म्हणत राहिले आणि शिकवली नाही. दोष माझा.

आता कामाचं. तू तंजावरला जाऊन पंचवीस दिवस झाले. "आठ बाया, एक पंखा" या आपल्या चित्रकथेचा तिसरा अंक खपला. मराठीच्या सत्तर प्रती इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी नेल्या. तमिळ प्रती अलमेलूच्या प्रेसमधूनच गेल्या, टी. नगरपर्यंत आल्याच नाहीत. पुरसवाक्कमहून एक निवृत्त ड्राफ्ट्समन मुद्दाम तिरुवल्लिकेणीला बस बदलून आले आणि अलमेलूला म्हणाले, "हे काढणाऱ्या बाईनं टी-स्क्वेअर खरोखर हातात धरलेला आहे." अलमेलूनं मला फोन करून शब्दन्‌शब्द सांगितलं. मीही तुला शब्दन्‌शब्द सांगते आहे.

साठी उलटलेल्या, नकाशे गिरवणाऱ्या दोन ट्रेसर बायकांनी आपल्याच ड्रॉइंग ऑफिसातल्या आठ बायकांवर चित्रकथा काढावी आणि ती वर्षात तीनदा ठरल्या तारखेला बाहेर पडावी, असं दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तरुण मुलं काढतात. यामिनी मला त्यांची पुस्तकं आणून दाखवते. (नागोजीराव, ही माझ्या वरच्या खोलीत राहणारी सांगलीची मुलगी. पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमची पानं स्कॅन करते तीच.) त्या पुस्तकांत माणसं उडतात, रक्त वाहतं, आणि हात काढायची वेळ आली की सगळ्यांचे हात खिशात. पहिल्या अंकाच्या चौथ्या पानावर तू काढलेला हात त्यांना नेऊन दाखवावा म्हणते. पेन पुसणारा. नखातली शाईसुद्धा दिसते.

चौथा अंक डिसेंबरअखेर निघायचा आहे. मी चोवीस पानं कापून, चौकटी आखून ठेवली आहेत. पुढे माझा हात थांबतो. मी काढलेल्यावरून काढते, कोऱ्यावर काढणारी तू. अलमेलू म्हणते, चारही अंकांचं एक बांधीव पुस्तक करू. संक्रांतीनंतर तै महिन्यातल्या लग्नपत्रिका आटोपल्या की फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मशीन आपलं. त्यानंतर पुन्हा पत्रिका, मग निवडणुका, मग देव जाणे. चौथा अंक तुझ्यावाचून होत नाही आणि चौथ्यावाचून पुस्तक होत नाही.

आयुधपूजेच्या दिवशी प्रेसमध्ये जे झालं त्याबद्दल नंतर लिहीन. ते आपल्या दोघींतलं आहे. नागोजीरावांना त्याचा त्रास कशाला?

येणार की नाही, एवढं कळव.

हेमलता

*

टी. नगर
३ डिसेंबर २००७

गोदा,

नागोजीरावांचं कार्ड मिळालं. "पत्र पावले. अक्कांनी ऐकिले व उठून गेल्या." नागोजीराव, शेवटपर्यंत ऐकून उठल्या की मध्येच उठल्या? असं अर्धं माप आमच्या ऑफिसात चाललं नसतं.

काल रविवारी अलमेलूच्या प्रेसवरच्या गच्चीत चित्रकथा काढणाऱ्यांचा मेळावा झाला. वर्षभरात जे कुणी तिच्याकडे काही छापून गेलं त्या सगळ्यांना तिनं बोलावलं होतं. बावीस जण. माझ्याखालोखाल मोठा माणूस एकोणतीस वर्षांचा. दारातच एकानं अदबीनं विचारलं, "आँटी, कुणाबरोबर आलात?"

"कुणाबरोबर नाही. चौथं टेबल माझं आहे."

प्रत्येकानं उठून आपलं वर्ष कसं गेलं ते सांगायचं होतं. कौशिक नावाचा एक दाढीवाला मुलगा म्हणाला, या वर्षात त्यानं स्वतःचा शोध घेतला. मी विचारलं, "अंक किती काढलेस?" म्हणाला, "एकही नाही, आँटी. पण प्रोसेस चालू आहे." मी म्हटलं, "आमच्याकडे प्रोसेस चालू असली की संध्याकाळी टेबलावर कागद दिसायचा." सगळे हसले. तोही हसला, मुलगा चांगला आहे.

मग मी उठले. सांगितलं: तीन अंक, प्रत्येकी चोवीस पानं, दोन भाषा, एकही तारीख चुकली नाही. एका पंप कारखान्यात आठ बायका एका पंख्याखाली बसून नकाशांवर शाई फिरवायच्या. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधायच्या. त्या बायकांची नावं कुठल्याही पंपावर नाहीत. ती आता आमच्या अंकात आहेत. टाळ्या वाजल्या. गोदा, शाळा सुटल्यापासून माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. निवृत्तीच्या दिवशी वाजल्या त्या रिवाज म्हणून.

मग ते आपली पद्धत बघायला टेबलाभोवती गोळा झाले. मी पानं उलगडून दाखवली. खाली तुझं चित्र, त्यात बोलण्याचे फुगे रिकामे. वर ट्रेसिंग पेपर, चार कोपऱ्यांतल्या खुणा जुळवून बसवलेला. एका ट्रेसिंगवर तुझ्या हातचं तमिळ, दुसऱ्यावर माझ्या हातचं मराठी. चित्र एकच राहतं, वरचा कागद बदलला की भाषा बदलते. ती मुलं बघतच राहिली. त्यांना वाटलं हे आपण दोघींनी शोधून काढलंय. मी म्हटलं, यात शोध कसला, नकाशावर वायरिंग वेगळं दाखवायचं असलं की आम्ही हेच करत होतो.

तेवढ्यात त्या कौशिकनं विचारलं, "पण आँटी, दोन्ही कागदांवर तेच लिहिलंय हे तपासतं कोण?"

मी म्हटलं, "चहा घ्या, थंड होतोय."

"आणि आर्टिस्ट कुठे आहेत?"

"गावी गेली आहे. येईल."

हे मी बावीस जणांसमोर बोलले.

त्या दिवसाविषयी लिहीन म्हटलं होतं, तेव्हा लिहिते. आयुधपूजेला मशीनला हार घातला होता, मशीनवर तिसऱ्या अंकाचे गठ्ठे होते. यामिनीनं हौसेनं मराठी अंक मोठ्यानं वाचायला घेतला. तुला ऐकायचं होतं, कारण मराठी तुला ऐकूनच कळतं. सतराव्या पानावर तू म्हणालीस, "परत वाच." तिनं वाचलं. "परत." तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे बघून वाचलं. तू कुरमुऱ्यांचा पुडा मशीनवर ठेवलास, छत्री घेतलीस आणि गेलीस. अलमेलूला मराठी येत नाही, यामिनीला तमिळ येत नाही. काय झालं ते दोघींनाही कळलं नाही.

गोदा, एका भाषेतून दुसरीत नेताना थोडं इकडेतिकडे होतं. तुझं बोलणं मी नेहमीच जरा नीट करून लिहिते. तसंच तेही समज. त्यासाठी पुस्तक अडवून धरावं असं मला वाटत नाही.

हेमलता

*

(तमिळ अक्षरांत)
टी. नगर
१९ डिसेंबर २००७

गोदा,

हे तुझं तुला वाचता यावं म्हणून तमिळ अक्षरांत मराठी लिहिते आहे. "क" आणि "ग" एकाच अक्षरात कोंबताना जीव जातो. तू आयुष्यभर कसं चालवून घेतलंस? नागोजीरावांना दाखवू नकोस.

कार्ड आलं नाही. चौथ्या अंकाची तारीख आता चुकणार, पहिल्यांदाच. बघ, हेसुद्धा मी तुझ्यावर ढकलते आहे.

सरळ लिहिते. १९७६ चा फेब्रुवारी. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते, अजून कायम नव्हते. शनिवारी प्रिंटवाला दाराशी उभा होता आणि मी घाईत पंपाच्या फ्लँजचं ट्रेसिंग संपवलं. मूळ नकाशात बोल्टची आठ भोकं होती. मी सहा काढली. "ट्रेस करणार" या चौकोनात आद्याक्षरं घालायचीही राहून गेली. बेचाळीस फ्लँज सहा भोकांचे निघाले आणि भंगारात गेले. आठवड्यानंतरच्या सोमवारी चीफ ड्राफ्ट्समननं त्यातला एक उचलून पंख्याखाली आणून आदळला आणि विचारलं, हे कुणाचं? मी मान खाली घातली. माझ्या डाव्या हाताला तू बसायचीस. तू उठलीस, "माझं" म्हणालीस, आणि त्याच्यासमोर त्या रिकाम्या चौकोनात तुझी अक्षरं घातलीस. तू कायम होतीस, तुला मेमो मिळाला. मी असते तर घरी गेले असते.

इथवर मी तुझे उपकार मानलेच होते. पुढचं कधी बोलले नाही. दोन वर्षांनी ड्राफ्ट्समनची एक जागा निघाली. आठ जणींत तू सर्वांत जुनी, हात सर्वांत चांगला. मेमोमुळे तुझं नाव गेलं आणि दुसरं नाव माझं होतं. मी वरच्या हॉलमध्ये बसायला गेले, तू ट्रेसर म्हणूनच निवृत्त झालीस. माझ्या निरोपाला साहेब म्हणाले, "सत्तावीस वर्षांत एकही मेमो नाही." तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही.

सतराव्या पानावर तू तो सोमवार काढलास. मी खाली मान घालून, तू उभी. आणि तुझ्या तमिळ फुग्यात एवढंच, "हेमानं काढलं. सही मी केली." त्यात तक्रार नाही, टोमणा नाही. मी ते वाचलं आणि मराठीच्या कागदावर लिहिलं, "नकाशा बरोबर होता. वर्कशॉपमध्ये चुकलं. तरी सही मी केली." तुला वाचता येणार नाही हे मला माहीत होतं. त्यावरच विसंबून लिहिलं.

का, तेही सांगते. तमिळ अंक वाचणाऱ्यांत मला ओळखणारं कुणी नाही. मराठी अंक मंडळात जातो. आमचे हे, अनंतराव, तिथे अकरा वर्षं चिटणीस होते. ते गेल्यावरही बायका मुलींना घेऊन येतात, म्हणतात, हेमलताताईंकडे बघा, एक चूक नाही, एक डाग नाही. मला ते आवडतं, गोदा. फार आवडतं.

झालं ते लिहिलं. आता तरी ये.

हेमा

*

टी. नगर
८ जानेवारी २००८

गोदा,

माझं पत्र परत आलं. तेच, जसंच्या तसं. खाली पेन्सिलीनं तमिळ अक्षरांत तुझी एक ओळ: "मला ठाऊक आहे तें मला कशाला सांगतेस? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

मी रागावले. हे खरं तेच लिहिते. चार दिवस चौथ्या अंकाचे कोरे कागद कपाटात टाकून दिले. यामिनीला म्हटलं, मी एवढं मन मोकळं केलं आणि बाईसाहेबांनी माझं पत्र तपासून परत पाठवलं. तिला आता सगळं सांगितलंय. तिसऱ्यांदा वाचतानाच तिला शंका आली होती म्हणे. ती म्हणाली, "काकू, त्यांनी तपासलंच की. बरोबर होतं म्हणून परत पाठवलं. आता पुढच्या विभागाकडे पाठवा."

आजकालच्या मुलींना बोलायला फार येतं.

पाचव्या दिवशी मी टेबलाशी बसले. नवा ट्रेसिंग पेपर कापला, खुणा जुळवल्या आणि सतरावं पान पुन्हा लिहिलं. "हेमानं काढलं. सही मी केली." मराठीत पाच शब्द. तीन कागद वाया गेले.

अलमेलूनं ते सुटं पान छापून दिलं. तिला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हेमा मामी, मी तमिळ अंक वाचलाय. मला वाटलं सगळ्यांनाच माहीत आहे." म्हणजे बघ. तिरुवल्लिकेणीत मी तीन महिने उघडी आहे आणि कुणीही माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं नाही.

नागोजीराव, यातलं बरंचसं तुम्हाला कळणार नाही. तुमच्या बहिणीला विचारा. तिनं सांगितलं तर माझी हरकत नाही.

हेमलता

*

टी. नगर
२१ जानेवारी २००८

गोदा,

नागोजीराव, हे सगळं मोठ्यानं वाचा, काही गाळू नका.

ऑफिसात चुकीची प्रिंट वर्कशॉपमध्ये गेली की काय करत होतो? परत मागवायची, "रद्द" शिक्का मारायचा, नवी द्यायची, सही घ्यायची. तसंच केलं. मंडळाची यादी घेतली. सत्तर प्रती कुणाकुणाकडे गेल्या ते लिहून ठेवलेलं होतं. दहा दिवस बसनं फिरले. अंबत्तूर, अवडी, अण्णानगर. प्रत्येक दारात एकच सांगायचं: तिसऱ्या अंकाचं सतरावं पान चुकीचं आहे, ते काढून द्या, हे घ्या, इथे सही करा. बायकांना वाटलं छपाईत काही चुकलं असेल. वाचल्याशिवाय सही करू नका, असं मी प्रत्येकीला सांगितलं. दोघींनी माझ्यासमोर वाचलं. एकीनं नुसतं "अच्छा" म्हटलं. दुसरी म्हणाली, "आणि मग त्यांचं प्रमोशन?" मी म्हटलं, "ते मला मिळालं." ती पाणी आणायला आत गेली आणि जरा वेळानं आली.

अठ्ठावन्न पानं परत आली. दहा घरं बंद होती, दोन प्रती हरवल्या.

काल मंडळाचं हळदीकुंकू होतं. साठ-सत्तर बायका. दर वर्षी मी नव्या सुनांना दोन शब्द सांगते, ते तुला माहीत आहे. त्या वेळी मी सतरावं पान वाचलं. चित्र यामिनीनं मोठं करून आणलं होतं, ते धरून उभी राहिली. मी कोण, तू कोण, फ्लँज कोणता, चौकोन कोणता, सगळं सांगितलं. दोन वर्षांनंतरच्या जागेचंही सांगितलं, जे पानावर नाही. सहा मिनिटं लागली. घड्याळ समोर होतं.

मग अध्यक्षा विद्युलताबाई उठल्या. "अहो हेमलताताई, सणाच्या दिवशी हे कशाला? तीस वर्षांपूर्वीचं. कुणाला ठाऊक होतं?"

"कुणाला ठाऊक नव्हतं म्हणूनच."

मागून कुणी तरी, बहुतेक जोगांच्या वहिनी, म्हणाल्या, "अनंतरावांना ठाऊक होतं का?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. त्यांनी त्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, उद्या जा आणि चीफला सांग. मी गेले नाही. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही."

हे तुलाही माहीत नव्हतं. आता सगळ्यांबरोबर तुलाही कळलं.

तिळगूळ वाटताना काही जणी माझ्यापुढे थांबल्या, काही नुसत्या पुढे गेल्या. पुढच्या वर्षी दोन शब्द सांगायला मला बोलावतील असं वाटत नाही. तीन बायकांनी बरोबर आणलेल्या प्रती खुर्च्यांवर तशाच टाकून दिल्या होत्या. मी उचलल्या, पुसल्या आणि पिशवीत घातल्या. चांगल्या छपाईचा अंक आहे, खुर्चीवर पडून राहायला नाही काढलेला.

पण एक तरुण सून, रेवा नावाची, जिन्यात थांबली होती. नवरा मोटारींच्या कारखान्यात आहे, ही घरी कंटाळते. तिनं विचारलं, "त्या गोदाबाई चित्र काढायला शिकल्या कुठे?" मी म्हटलं, "शिकली नाही. दुसऱ्यांचे नकाशे गिरवता गिरवता, दुपारच्या सुट्टीत रद्द प्रिंटच्या पाठीवर काढायची. आम्हा आठ जणींची चित्रं असायची. आम्ही भांडायचो, मला जाड काढलंस म्हणून." ती म्हणाली, "सगळे अंक द्या." मी पिशवीतल्या तिन्हींतली एक प्रत तिला तिथेच दिली आणि पहिले दोन अंक आज यामिनीबरोबर पाठवले.

मी तुला आता ये म्हणणार नाही. तीनदा म्हटलं. पुस्तक झालं नाही तरी तीन अंक झाले, आणि त्यांचं मराठी आता तमिळशी जुळतं. तपासलं आहे. या वर्षात मी जे काही केलं त्यात या दहा दिवसांची बसची पायपीट मी तुझ्या चित्रांच्या लगेच खाली मांडते.

हेमलता

*

टी. नगर
११ फेब्रुवारी २००८

नागोजीराव यांस नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हाला आहे, कारण तुमच्या अक्का माझ्यासमोर बसल्या आहेत आणि मी काय लिहिते त्याची चौकशी दर ओळीला चालली आहे.

पहिली तक्रार तुमच्यावर. दोन तारखेला दारात उभ्या राहिल्या, हातात छत्री आणि पिवळ्या कापडी पिशवीत गुंडाळी. आत चौथ्या अंकाची वीस पानं, पुरी शाई चढवलेली. मी विचारलं, कधी काढलीस? म्हणाली, "नोव्हेंबरांत बसलें. तुझें पहिलें पत्र आलें त्या दिवशींच." म्हणजे माझं पत्र ऐकून ती उठून गेली ती टेबलाकडे. आणि तुम्ही मला कार्डात एवढंच लिहिलंत, "उठून गेल्या." नागोजीराव, तुमच्या हातून किती मोडी कागदांचे असे अर्थ लागले असतील, मला काळजी वाटते.

पानं अप्रतिम आहेत. मी हा शब्द सहसा वापरत नाही. निवृत्तीच्या प्रसंगात तिनं तिसऱ्या रांगेतून माझी पाठ काढली आहे. नुसती पाठ, अंबाडा आणि शालीची घडी. मी ते पान धरून बरंच काही बोलणार होते, पण तिनं आधीच सांगून टाकलं, "माफ केलें असें समजूं नकोस हं, हेमा. पुस्तक नीट व्हावें म्हणून आलें."

मी म्हटलं, "चालेल."

चालतंच आहे. आठ दिवस टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बसतो, ती तमिळ लिहिते, मी मराठी. आणि आता तिचं बोलणं मी नीटबीट करत नाही. ती बोलते तसंच लिहिते. यामिनी म्हणते, वाचायला जास्त मजा येते. मला तेवढं पटलेलं नाही, पण फुगा गोदाचा आहे.

आता मुख्य गोष्ट. अंकाची पानं चोवीस, तिनं आणली वीस. चार कुठे म्हटलं तर दोन दिवस तिनं विषयच बदलला. तिसऱ्या दिवशी, मी तांदूळ निवडत असताना, ती पाठमोरी बसून बोलली. ते तिला तुम्हाला कळवायचं आहे. तिला देवनागरी येत नाही, आणि तमिळमध्ये तुम्हाला लिहायचं धैर्य होत नाही म्हणते. म्हणून मी लिहिते. ती सांगते तसं:

त्या शनिवारी ती माझ्या टेबलावरून गेली तेव्हा तिला सहा भोकं दिसली होती. प्रिंटवाला अजून यायचा होता. एक शब्द बोलली असती तर मी पाच मिनिटांत दोन भोकं घातली असती. ती बोलली नाही. कारण त्या दुपारी जेवताना मी सहा जणींसमोर तिच्या मराठीची नक्कल केली होती. "येथें बसूं काय गे" असं काही तरी म्हणून, मान हलवून. सगळ्या हसल्या होत्या. तीसुद्धा हसली होती. मला ते अजिबात आठवत नाही. तिला माझ्या मानेचा कोनसुद्धा आठवतो.

"म्हटलें, शुद्ध मराठीची बाई आहे, तिचें तिला दिसेल. अय्यो, सोमवारीं तो फ्लँज बघितला, तो माझाही होता. म्हणून उठलें. तूं मला देवी समजत बसलीस."

नागोजीराव, तुमच्या घरात ही कथा तीस वर्षं सांगितली गेली आहे असं ती म्हणते. अक्कांनी परक्या मुलीसाठी आपली बढती घालवली. तुमच्या सुनांना सांगितली, नातवांना सांगितली. ती दर वेळी गप्प बसली. तुमच्याशी खोटं बोलले नाही, नुसती ऐकत राहिले, असं म्हणते. मी म्हटलं, मीही तेच करत होते, माझ्याकडे फक्त माणसं जास्त होती.

मग मी म्हटलं, "हे काढ. चार पानं तीच."

ती म्हणाली, "नको. पुस्तकांत एवढें कशाला? सतरावें पान आहे तेवढें पुरे. तुझ्या-माझ्यांत राहूं दे."

अठ्ठावन्न रद्द पानांचा गठ्ठा कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवला. वर बायकांच्या सह्यांची यादी. ती बघत बसली. सह्या तिला वाचता येत नाहीत, पण मोजता येतात. मोजल्या. मग पेन्सिल मागितली.

चार दिवसांत चार पानं झाली. पहिल्या पानावर मी तिची नक्कल करते आहे. असा दुष्ट चेहरा माझा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण यामिनी म्हणते की आहे, चहात साखर जास्त पडली की होतो. शेवटच्या पानावर शनिवारची संध्याकाळ, प्रिंटवाला नकाशा गुंडाळून जिना उतरतो आहे आणि दोघी आपापल्या पिशव्या आवरताहेत, दोघीही गप्प. त्या पानात फुगा एकही नाही. मला वाटलं होतं तिथे काही लिहावं लागेल. ती म्हणाली, "दोन्ही भाषांत तेंच आहे बघ," आणि कागद माझ्याकडे सरकवला.

बाकीच्या पानांसाठी नियम केला आहे. पान प्रेसला जाण्याआधी तिनं तिचं तमिळ मला मोठ्यानं वाचून दाखवायचं, मी माझं मराठी तिला. काल नव्वदावं पान झालं. दोन ठिकाणी तिनं मला पकडलं, एका ठिकाणी मी तिला. तिनं तमिळमध्ये मला वयानं दोन वर्षं मोठी केली होती. म्हणे चुकून.

तुम्हाला राग आला असेल तर तिला लिहा, मी तो तसाच्या तसा वाचून दाखवीन. काही गाळणार नाही. पुस्तक दीडशे मराठी, तीनशे तमिळ. अलमेलूनं अठरा तारखेचं मशीन आमच्या नावानं लिहून ठेवलंय. उरलेली सहा पानं आज दुपारी वाचून संपवायची आहेत, आणि गोदा विचारते आहे की मी पत्रच लिहीत बसणार आहे की कामाला लागणार आहे.

हेमलता